अवजड वाहनाचे प्रशिक्षण सुरू होण्याआधी कोणती तयारी करावी?

नवी वाट:

नमस्कार. लवकरच माझे ट्रकचालक म्हणून प्रशिक्षण सुरू होत आहे. मोटार मी अनेक वर्षे चालवते आहे, त्यामुळे रस्त्याचे नियम आणि वाहतुकीचा अंदाज अंगवळणी पडलेला आहे; मात्र ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत चालकाच्या जागेवर मी आजवर एकदाही बसलेली नाही. आधी वैद्यकीय तपासणी, मग लेखी परीक्षा आणि शेवटी प्रत्यक्ष चाचणी असा क्रम आहे. मधल्या काळात हातावर हात धरून बसण्यापेक्षा काही तयारी करावी असे वाटते, पण नेमकी कशाची करावी, हे कळत नाही. एअर ब्रेकचे प्रकरण मी दोनदा वाचले, तरी डोक्यावरून गेले; आणि ट्रेलर मागे घेण्याच्या नुसत्या विचारानेच धडकी भरते. संगणकावरच्या ट्रकच्या खेळांचा सराव कामी येतो का? शिवाय, शिकताना हाताने गिअर टाकायची गाडी घ्यावी की स्वयंचलित? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी चाके:

सर्वप्रथम वैद्यकीय तपासणी उरकून घ्या, पुस्तके नंतर उघडा. नजर, ऐकू येणे, रक्तदाब आणि मधुमेह यांची तपासणी बहुतेक ठिकाणी होतेच, आणि त्यात काही निघाले तर उपचाराला वेळ हाताशी असलेला बरा. रात्री मोठ्याने घोरणे आणि दिवसा पेंग येणे अशी तक्रार असेल तर ती डॉक्टरांना स्वतःहून सांगा, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार उपचाराने आटोक्यात येतो, पण लपवला तर तो स्टिअरिंगवर गाठतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हेही ध्यानात असू द्या.

आता एअर ब्रेक. प्रकरण अवघड वाटते, कारण बहुतेक पुस्तके नळ्या आणि झडपांच्या आकृतीपासून सुरुवात करतात. तुम्ही उलटीकडून सुरुवात करा. मोटारीत पायाचा जोर ब्रेकच्या तेलामार्फत चाकापर्यंत पोचतो. ट्रकमध्ये इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरून ठेवतो आणि ब्रेकचे पेडल म्हणजे प्रत्यक्षात हवा सोडणारी झडप असते. पेडल जितके दाबाल तितकी हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये जाते आणि ब्रेक लागतो. पार्किंग ब्रेकचे काम मात्र याच्या नेमके उलट चालते. तिथे एक दणकट स्प्रिंग ब्रेक लावून धरते आणि हवेचा दाब त्या स्प्रिंगला मागे रेटून ब्रेक मोकळा ठेवतो. म्हणजे हवा गळून दाब फारच उतरला, तर स्प्रिंग आपोआप ब्रेक लावते. हे एकदा डोक्यात बसले की इंजिन सुरू केल्यावर दाबाचा काटा वर येईपर्यंत गाडी का हलवायची नाही, कमी दाबाचा इशारा मिळताच सुरक्षित जागी का थांबायचे आणि विनाकारण पेडल वरखाली केल्याने टाकीतली हवा कशी संपते, हे सगळे पाठ न करताही समजते.

याला जोडून एक हिशेब. तासाला ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. हवेला नळ्यांतून चाकापर्यंत पोचायला अर्धा सेकंद लागला असे धरले, तर ब्रेक पकडण्याआधीच ११ मीटर रस्ता मागे पडलेला असतो, आणि त्यात धोका ओळखून पाय पेडलवर जाईपर्यंतचा वेळ मोजलेला नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर साधारण चौपट होते. मोटारीत अंगवळणी पडलेले पुढच्या गाडीपासूनचे अंतर इथे अपुरे आहे, आणि ते बदलण्याचा सराव तुम्ही आजपासून मोटारीतच करू शकता.

लांब उताराचा नियमही आत्ताच मनात पक्का करा: गिअर उतार सुरू होण्यापूर्वी खाली घ्यायचा, उतारावर पोचल्यावर नव्हे. सतत ब्रेक दाबून ठेवला तर लायनिंग (ब्रेकमधला घासून पकड देणारा थर) तापून त्याची पकड कमी होत जाते आणि ऐन गरजेच्या वेळी पाय दाबूनही गाडी आवरत नाही. इंजिनाला वजन पेलू द्यावे, वेग ठरवलेल्या मर्यादेला पोचला की ठाम ब्रेक लावून तो थोडा खाली आणावा आणि पेडल सोडावे. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाचे पुढचे सल्लेही ऐकू नका.

आरसेमहाल:

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त गाडीभोवती फेरी मारून तपासण्याबद्दल भर घालते. चाचणीत हा भाग पाठांतरासारखा म्हणून दाखवणारे पुष्कळ असतात, पण परीक्षकाला तुम्ही खरोखर पाहता की नुसते बोट दाखवता, हे लगेच कळते. चाकाच्या नटाभोवती गंजाचा ओघळ दिसला तर नट सैल झाला असावा, अशी शंका घ्यावी. हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) आसपास तेलाचा ओला डाग म्हणजे सील गळत असण्याची शक्यता असते. मागच्या जोड चाकांच्या मधल्या फटीत दगड अडकलेला असतो, तो वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही. टायर काठीने ठोकून फार तर बसलेला टायर ओळखू येतो. हवा कमी असलेला टायर चालताना तापतो आणि फाटतो, म्हणून दाब गेजनेच मोजावा.

ट्रेलर जोडल्यावर विजेरी घेऊन खाली वाकायचे आणि किंगपिनभोवती (ट्रेलरच्या पुढच्या तळातून खाली येणाऱ्या जाड खिळीभोवती) जबडा पूर्ण मिटलेला आहे का, तसेच फिफ्थ व्हील (ट्रकच्या मागची, ट्रेलर जिच्यावर टेकतो ती चकती) आणि ट्रेलरचा तळ यांच्यात फट राहिलेली नाही ना, हे डोळ्यांनी पाहायचे. त्यानंतर ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. ओढून पाहिले म्हणून वाकायचे टाळू नये, कारण जबडा अर्धवट मिटलेला असतानाही ट्रेलर त्या एका ओढीला टिकून राहू शकतो.

मागे घेण्याची धास्ती साहजिक आहे. स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला हात धरला तर तो हात ज्या दिशेला न्याल त्या दिशेला ट्रेलरचे मागचे टोक जाते, एवढ्या एका युक्तीने सुरुवातीचा निम्मा गोंधळ मिटतो. बाकी सगळे काम थोडे वळवणे, थांबून पाहणे आणि लगेच सरळ करणे यांचे आहे, कारण ट्रेलर फार तिरपा झाल्यावर मागे जात राहून तो सावरत नाही. तेव्हा गाडी पुढे घेऊन सरळ करावी, त्यात कमीपणा नाही. शंका आली की खाली उतरून मागे जाऊन बघावे. वळणावर मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, हे लक्षात ठेवून आतल्या बाजूचा आरसा वळण पूर्ण होईपर्यंत सोडू नये.

किनारपट्टी:

खेळांबद्दल थोडक्यात सांगतो. ट्रेलर कोणत्या बाजूला वळतो याची सवय डोळ्यांना लावण्यापुरता त्यांचा उपयोग आहे, तोही आरशांतून पाहून खेळलात तरच. गाडी बाहेरून दाखवणारे दृश्य लावून खेळण्यात अर्थ नाही. वजन, उतार आणि अर्धवट भरलेल्या टँकरमधले द्रव ब्रेक लावल्यावर पुढे येऊन देते तो धक्का पडद्यावर समजत नाही.

गिअरबाबत माझे मत स्पष्ट आहे. काही देशांत स्वयंचलित गाडीवर चाचणी दिली तर परवान्यावर तेवढ्याच गाड्यांचे बंधन येते. त्यामुळे संधी असेल तर हाताने गिअर टाकायला शिकून घ्यावे, आणि गिअरबॉक्स सिंक्रोमेशचा (गिअरच्या चाकांचा वेग आपोआप जुळवून घेणारा) नसेल तर दोनदा क्लच दाबून गिअर टाकण्याची लय आधी समजून घ्यावी.

जुनी चाके:

किनारपट्टी यांचे म्हणणे परवान्यापुरते बरोबर आहे, पण मी तितका आग्रह धरणार नाही. नव्या गाड्यांत स्वयंचलित गिअर झपाट्याने वाढत आहेत, आणि नवख्या माणसाचे लक्ष गिअरमध्ये गुंतण्याऐवजी आरशांत राहिले तर ते मला अधिक मोलाचे वाटते. जिथे काम करायचे आहे तिथल्या मालकांकडे कोणत्या गाड्या आहेत, ते विचारून ठरवावे.

नवी वाट:

सर्वांचे मनापासून आभार. पार्किंग ब्रेकचे काम उलटे चालते, हे वाचल्यावर ते प्रकरण पहिल्यांदा नीट समजले. आणखी एक विचारते: रात्रीच्या फेऱ्यांसाठी शरीराला आधीपासून सवय लावता येते का? चहा-कॉफीवर कितपत विसंबावे?

आरसेमहाल:

सवय काही प्रमाणात लागते, पण पहाटे साधारण २ ते ६ या वेळेत शरीराची झोपेकडे ओढ सर्वांत जास्त असते आणि ती इच्छाशक्तीने पूर्णपणे मोडता येत नाही. चार सेकंदांची डुलकी लागली तर ८० च्या वेगाने गाडी सुमारे ९० मीटर कोणाच्याही ताब्याशिवाय जाते. कॉफीचा परिणाम जाणवायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, म्हणून ती पिऊन लगेच निघण्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटणे अधिक उपयोगाचे ठरते. खिडकी उघडणे आणि गाणी मोठ्याने लावणे हे उपाय फार वेळ टिकत नाहीत.

कामाच्या तासांचे कायदे याच कारणाने आहेत आणि लेखी परीक्षेत त्यांवर प्रश्न येतात. युरोपीय संघात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकसाठी सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. भारतात १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती; २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. तुम्हाला लागू असलेले आकडे, त्यांतल्या अपवादांसह, पाठच करून टाका.

आणि पहिल्या दिवशी घसरणार नाहीत असे तळ असलेले बूट घाला, हातमोजे, विजेरी आणि छोटी वही सोबत ठेवा. केबिनमधून उतरताना तोंड गाडीकडेच असावे आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन कायम टेकलेले असावेत. खाली उडी मारून घोटा मुरगळला तर प्रशिक्षणाचे दिवस वाया जातात.