कारच्या लायसन्सवर पुण्यात स्कूटर चालते का?

प्रेषक: मेघना, रेडिंग
विषय: मुलगा पुण्याला निघालाय, लायसन्सचं विचारायचं होतं

नमस्कार मंडळी,

दिवाळीला आमचा धाकटा तीन आठवडे आजीकडे कर्वेनगरला चाललाय. आजीची ॲक्टिव्हा जिन्याखाली उभी असते, शेजारचा मुलगा आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवतो. धाकट्याने २०२१ मध्ये इथे इंग्लंडात कारची टेस्ट पास केली. काल त्याने कार्ड उलटं करून दाखवलं. मागच्या बाजूला ‘एएम’च्या ओळीत दुचाकीचं बारीकसं चित्र आहे आणि पुढे तारीख. म्हणतो, "आई, दुचाकीचं लायसन्स आहे की माझ्याकडे!" शिवाय पेपॉइंटच्या दुकानातून साडेपाच पौंडांत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढणार आहे. आजीने तर किल्ली काढूनच ठेवलीय. असं चालतं का? कुणाला अनुभव आहे?

मेघना

---

प्रेषक: अनिल, लेस्टर
विषय: उत्तर: मुलगा पुण्याला निघालाय

मेघना,

मी १९९८ साली इथली टेस्ट पास झालो. माझ्या कार्डावरही एएम आहे. दरवर्षी सदाशिव पेठेत भावाची गाडी घेऊन फिरतो. हेल्मेट घालतो, सिग्नल पाळतो, आजवर कुणी अडवलेलं नाही. जाऊ दे पोराला, काळजी करू नकोस.

अनिल

---

प्रेषक: सुनीता, कोथरूड
विषय: उत्तर: मुलगा पुण्याला निघालाय

मेघना, अनिलदादा,

मी पुण्याला परत आले तरी आपल्या ई-मेल यादीवरून नाव काढलेलं नाही, ते अशाच पत्रांसाठी. दादा, रागावू नका, पण तुमचं हे मला पटत नाही. का ते सविस्तर लिहिते, कारण आमच्या घरात हे घडून गेलंय.

२०२२ च्या जुलैत लंडनहून भाचा आला होता. "आत्या, डेक्कनला जाऊन येतो" म्हणाला आणि मी किल्ली दिली. कार्डावरचं तेच चित्र त्याने मलाही दाखवलं होतं. भुरभुर पाऊस होता. नळ स्टॉपच्या अलीकडे रस्त्यावर बारीक खडी सांडलेली, ब्रेक दाबला तशी गाडी घसरली आणि सायकलवरून चाललेल्या एका आजोबांवर गेली. त्यांचं मनगट मोडलं. मी रिक्षाने पोचले तेव्हा भाचा फुटपाथवर बसला होता, गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि हवालदार ते गुलाबी कार्ड उलटसुलट करून बघत होते. मग परमिटची करडी पुस्तिका उघडली. त्यात ए पासून ई पर्यंत पाच वर्ग असतात आणि ज्या वर्गाचं लायसन्स तुमच्याकडे आहे त्याच्यापुढे शिक्का असतो. शिक्का फक्त बी पुढे होता. दुचाकीच्या ए ची जागा कोरी. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून ते मला म्हणाले, "ताई, हे मोटारीचं आहे. गाडी कोणाच्या नावावर?"

गाडी माझ्या नावावर. पाच हजार त्याला आणि पाच हजार मला. मोटार वाहन कायद्याचं १८१ वं कलम विनालायसन्स चालवणाऱ्यासाठी आहे, आणि १८० वं कलम अशाच्या हातात गाडी देणाऱ्या मालकासाठी. दोन्हींत तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. मेघना, किल्ली देणारी व्यक्तीही यात येते, एवढं आजींना जरूर सांग.

आता कार्डावरचं ते चित्र. एएम म्हणजे ५० सीसीपर्यंतचं मोपेड, ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे न जाणारं. आपल्या पिढीला सांगायचं तर लूना! (आमचे बाबा लूनावर मंडईत जायचे, परतीच्या चढाला पायडल मारत. १९७२ साली आलेली ती गाडी पुण्यात घरोघरी होती.) ॲक्टिव्हा ११० सीसीची. ती इंग्लंडच्या हिशोबानेही एएममध्ये बसत नाही, तिथे तिला ए-१ हा हलक्या मोटरसायकलचा वर्ग लागतो. म्हणजे ज्या गाडीला रेडिंगच्या रस्त्यावरही हे कार्ड पुरत नाही, तीच गाडी आपण पुण्यात त्या कार्डावर चालवायला निघतो.

मोपेडचा हक्कही सगळ्यांचा सारखा नाही. १ फेब्रुवारी २००१ च्या आधी कारची टेस्ट पास झालेल्यांना तो तसाच मिळतो. नंतरच्यांना सीबीटी नावाचं बेसिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेव्हा तो लागू होतो. मेघना, मुलाच्या कार्डावर एएमच्या ओळीत शेवटच्या, बाराव्या रकान्यात १२२ हा आकडा आहे का बघ. असेल तर त्याचा अर्थ प्रशिक्षण झाल्यावरच वैध. ते झालेलं नसेल तर तो इंग्लंडात साधं मोपेडही चालवू शकत नाही.

आणखी एक गैरसमज मी बऱ्याच मुलांकडून ऐकलाय, की इंग्लंडातली शिकाऊ परवानगी इथेही चालते. तिथे कारचं पूर्ण लायसन्स असलं की मोटरसायकलचं प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ, आपोआप मिळतं. सीबीटी करून, एल लावून, मागे कुणाला न बसवता १२५ सीसीपर्यंत चालवता येतं. ते सीबीटी दोन वर्षं चालतं. पण ती शिकाऊ परवानगी आहे, देशाबाहेर तिचा उपयोग शून्य. युरोपातल्या सभासदांनीही हे ध्यानात घ्यावं. स्पेनमध्ये कारचं लायसन्स तीन वर्षं जुनं झालं की १२५ सीसी चालवता येते, इटलीतही कारच्या लायसन्सवर चालते, जर्मनीत त्यासाठी कारच्या लायसन्सवर बी-१९६ ही नोंद मिळते. ह्या सगळ्या सवलती त्या त्या देशाच्या हद्दीपुरत्या.

भारतात तर कारवर दुचाकी फुकट मिळण्याची पद्धतच नाही. इथे विनागियर दुचाकी, गियरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन हे वेगवेगळे वर्ग. कार्डावर एमसीडब्ल्यूजी (गियरची) किंवा एमसीडब्ल्यूओजी (विनागियर) लिहिलेलं नसेल तर दुचाकीला हात लावायचा नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीची विनागियर गाडी चालवता येते, पण तिलाही लायसन्स लागतंच.

दंड भरून आम्ही सुटलो असतो तर मी एवढं लिहिलं नसतं. गाडीच्या दुरुस्तीचा क्लेम विमा कंपनीने नाकारला, चालकाकडे त्या वर्गाचं लायसन्स नव्हतं म्हणून. आजोबा भले गृहस्थ, ते कोर्टात गेले नाहीत, दवाखान्याचा खर्च आम्ही दिला. गेले असते तर कंपनीने भरपाई आधी त्यांना देऊन नंतर ती माझ्याकडून वसूल केली असती. तसा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने मोकळा आहे. पॉलिसीत पंधरा लाखांचं अपघात कवच असतं ते मालक स्वतः चालवत असेल तरच, भाच्याला त्याचा काही उपयोग नव्हता. आणि इंग्लंडहून घेतलेल्या प्रवास विम्यातही दुचाकीसाठी त्या वर्गाचं लायसन्स असण्याची अट असते. त्याचं डोकं फुटलं असतं तर? मला अजून रात्री ते आठवतं.

अनिलदादा, कुणी अडवलं नाही हे खरं असेल. पण अडवतात त्या दिवशी रस्त्यावर दुसरं कुणीतरी पडलेलं असतं.

सुनीता

---

प्रेषक: मेघना, रेडिंग
विषय: उत्तर: मुलगा पुण्याला निघालाय

सुनीताताई,

मनापासून आभार. बाराव्या रकान्यात १२२ आहे! आईशी बोलले, तिने किल्ली कपाटात ठेवली. आता यांचं विचारते. यांच्याकडे पुण्याचं जुनं लायसन्स आहे, त्यावर एमसीडब्ल्यूजी आहे, पण मुदत २०१९ ला संपली. त्याचं नूतनीकरण करून हे चालवू शकतील का? आणि मुलाने पुढच्या वर्षासाठी काय करावं?

मेघना

---

प्रेषक: सुनीता, कोथरूड
विषय: उत्तर: मुलगा पुण्याला निघालाय

मेघना,

मुदत संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तर नूतनीकरण होतं. वर्ष उलटलं की चाचणी पुन्हा. भाऊजींना आळंदी रोडला फुलेनगरच्या मैदानावर पाय न टेकता आठचा आकडा काढावा लागेल. ज्यांची मुदत अजून आहे त्यांनी आजच कार्ड काढून तारीख बघा. विलायतेतली टेस्ट दिली म्हणून पुण्याचं लायसन्स रद्द होत नाही, पण तिथल्या कार्डावर आपली इथली दुचाकी उतरतही नाही.

मुलाला इथे नव्याने काढायचं तर शिकाऊ लायसन्सनंतर तीस दिवस थांबावं लागतं, तीन आठवड्यांत जमणार नाही. त्यापेक्षा तिथेच मोटरसायकलची पूर्ण टेस्ट द्यावी, मग परमिटवर ए पुढे शिक्का मिळेल. यंदा त्याला नळ स्टॉपहून मेट्रो आहे, वनाझ ते रामवाडी. फारच हौस असेल तर २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली विजेची स्कूटर घ्यावी, तिला लायसन्स लागत नाही. मात्र दुकानदाराकडून तसं प्रमाणपत्र बघूनच. वेग वाढवून दिलेल्या गाड्याही त्याच नावाखाली विकतात.

सुनीता

---

प्रेषक: अनिल, लेस्टर
विषय: उत्तर: मुलगा पुण्याला निघालाय

सुनीता,

तुझं पत्र वाचून ड्रॉवरमधून परमिट काढलं. ए पुढे शिक्का नाही. इतकी वर्षं ते पान उघडून पाहिलंच नव्हतं. गाडी भावाच्या नावावर आहे, आणि तो पंचाहत्तरीला आलाय. आत्ताच त्याला फोन केला. जानेवारीत येईन तेव्हा मला स्टेशनवर घ्यायला पुतण्याला पाठव, गाडी बाहेर काढू नकोस, असं सांगितलंय.

त्या आजोबांचं मनगट आता कसं आहे?

अनिल