बरीच वर्षं पडून असलेली बाईक चालू करायचीय, सुरुवात कुठून करू?

दोनचाकीवाला:
नमस्कार मंडळी. काकांची जुनी बाईक शेडमध्ये कित्येक वर्षं तशीच उभी आहे, सिंगल सिलिंडर, फोर स्ट्रोक, कार्बोरेटरवाली. काकांनी परवा चावी हातात दिली आणि म्हणाले जमलं तर चालू कर, तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. परिस्थिती अशी की किक खालीच जात नाही, दगडासारखी. टाकीत तळाला थोडं जुनं पेट्रोल आहे त्याला वार्निशसारखा वास येतोय, आत हात घातला की गंज हाताला लागतो. बॅटरी मेलेली. पुढचं चाक फिरतं, मागचं जड जातं. मला चकाचक वगैरे करायची नाहीये, आधी फक्त चालू व्हायला हवी. एक ओळखीचे म्हणाले सरळ इंजिन खोल आणि बोअर (सिलिंडर आतून घासून मोठा) करून टाक, दुसरे म्हणाले गिअरमध्ये टाकून चौघांनी ढकला, आपोआप सुटेल. कुणाचं ऐकू?

गोटीपाना:
दोघांचंही आत्ता ऐकू नका आणि ढकलायचं तर अजिबातच नको. किक जात नाही म्हणजे बहुतेक पिस्टनच्या रिंगा गंजाने सिलिंडरच्या भिंतीला धरल्यात. अशात जोर लावला तर रिंग तुटते, तुटलेला तुकडा भिंतीवर ओरखडे काढतो आणि जे काम नुसत्या तेलावर भागलं असतं ते खरोखरच बोअरिंगपर्यंत जातं. किकवर उभं राहणंही तेच, वर किकचे आतले गिअर जायची भीती वेगळी.

आधी स्पार्क प्लगच्या आजूबाजूची माती हवा मारून साफ करा, नाहीतर प्लग काढला की सगळी आत जाते. मग प्लग काढून त्या भोकातून सिलिंडरमध्ये तेल सोडा. डिझेल चालतं, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अॅसिटोन मिसळून बरेच जण वापरतात, ते आणखी आत झिरपतं. आणि मग थांबा, एका रात्रीत सुटलं तर नशीब, नाही सुटलं तर तेल पुन्हा वर भरा आणि आठवडाभर विसरून जा. या कामात घाई करणाऱ्यांचीच इंजिनं फुटलेली मी बघितलीत. मधल्या काळात टॅपेट कव्हर (व्हॉल्व्हवरचं झाकण) उघडून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) बघून घ्या, एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला असेल तर क्रँक (पिस्टन वरखाली करणारा दांडा) फिरवताना पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो.

फिरवताना किक नाही वापरायची. मॅग्नेटचं कव्हर काढा, क्रँकच्या नटावर गोटी पाना लावा आणि किंचित पुढे, किंचित मागे असं हलवत राहा. एक केसभर हलला तरी अर्धं काम झालं समजा. मागे जास्त जोर लावू नका, नटच सैल होऊन येतो. प्लग मात्र बाहेरच ठेवा. आत तेल भरलेलं असताना प्लग लावून फिरवलं तर तेल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सुटल्यावर इंजिन ऑइल बदलायचंच, कारण वरून ओतलेलं सगळं रिंगांमधून खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. जुनं ऑइल चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय, मग स्वस्तातलं ऑइल टाकून थोडं चालवून परत बदला. ड्रेनमधून धातूचे तुकडे आले तर मात्र थांबा आणि इथे फोटो टाका.

जुनंलोखंड:
गोटीपाना यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत पण एक मुद्दा वेगळा मांडतो. इतकी वर्षं बंद असलेल्या इंजिनाचं हेड आणि सिलिंडर उघडून बघितलेलं मला बरं वाटतं. भिंतीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर तेलाने सुटून चालूही होईल पण धूर मारेल आणि ऑइल खाईल. सिंगल सिलिंडरला वरचं काम फार नसतं, दोन गॅस्केट नवी लागतात एवढंच.

गोटीपाना:
खड्डे असले तर उघडावं लागेलच, त्यात वाद नाही. पण न उघडताही आधी अंदाज घेता येतो ना. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून भिंत बघा, मोबाईलला जोडायचे मिळतात. आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून, गेज लावून, आकडा वाढायचा थांबेपर्यंत किका मारायच्या. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बराच कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर गळती रिंगा-सिलिंडरकडून, चढला नाही तर व्हॉल्व्हकडून.

फक्त हे मोजायची वेळ महत्त्वाची. तेलात भिजवून काढल्या काढल्या मोजलं तर आतल्या तेलामुळे आकडा खोटा चांगला येतो. उलट चिकटलेल्या रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा गंज असेल तर सुरुवातीला खोटा वाईट येतो आणि इंजिन थोडं चालल्यावर सुधारतो. म्हणून माझं म्हणणं, आधी चालवा, गरम होऊ द्या, मग मोजा आणि मग ठरवा. नुसत्या वयावरून चांगलं बसलेलं इंजिन उघडू नये, फॅक्टरीत बसलेली जोडणी परत तशी बसतेच असं नाही.

कार्ब_आणि_करंट:
इंजिन फिरायला लागलं की पुढची पायरी करंट. बॅटरी जुनी चार्ज करत बसू नका, नवीच घ्या. आधी बल्बवर आणि मॅन्युअलमध्ये बघा गाडी ६ व्होल्टची आहे की १२ ची. प्लग टोपीत लावून त्याचं धातूचं अंग हेडला टेकवा आणि किक मारा, भोकापासून लांब धरा कारण आतून तेलाची वाफ येते. निळी कडक ठिणगी हवी. नसेल तर कॉइल बदलायच्या आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), इग्निशन स्विच आणि अर्थच्या जोडण्या साफ करा, पडून असलेल्या गाडीत बऱ्याचदा एवढ्यातच काम होतं. पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुन्या पद्धतीचे संपर्क असलेली) गाडी असेल तर पॉइंटवर पांढरट थर येतो, बारीक पॉलिश पेपर फिरवून साफ करा. वायरिंग उंदरांनी खाल्लंय का बघा, आणि एअर फिल्टरच्या डब्यात आणि सायलेन्सरच्या तोंडात घरटं नाही ना तेही.

मग कार्बोरेटर. वरून स्प्रे मारून हा साफ होत नाही, खोलावाच लागतो. सगळ्यात जास्त त्रास पायलट जेटचा (कमी रेसला पेट्रोल सोडणारी छोटी नळी), त्याचं भोक अर्ध्या मिमीपेक्षाही बारीक असतं आणि जुनं पेट्रोल वाळून नेमकं तिथेच डिंक होतो. म्हणून गाडी चोकवर चालू होते आणि चोक काढला की बंद पडते. जेट उजेडासमोर धरा, गोल स्वच्छ भोक दिसलं पाहिजे. स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं, क्लीनर आणि हवेचा प्रेशर वापरा. रबरी डायाफ्रॅम असलेला कार्ब असेल तर क्लीनर मारायच्या आधी रबर काढून ठेवा, ते फुगतं. एअर स्क्रू काढायच्या आधी पूर्ण आत करून किती फेरे गेला ते लिहून ठेवा.

दोनचाकीवाला:
सगळ्यांचे खूप आभार!! ऑटोमॅटिकचं तेल आणि अॅसिटोन भरून ठेवलं होतं आणि आज सकाळी पाना लावला तर सुटलं!! हाताने पूर्ण फेरा फिरतंय, दोन्ही व्हॉल्व्ह वरखाली होतायत, ऑइल काळंकुट्ट निघालं पण दुधाळ नाही. करंटही आला, किल स्विचच होता. आता टाकीचं सांगा, व्हिनेगर की अॅसिड? आणि एकाने छोटं छिद्र वेल्डिंग करून देतो म्हटलंय.

जुनंलोखंड:
भारी काम केलंत, मनापासून आनंद झाला. वेल्डिंगला मात्र सध्या स्पष्ट नाही म्हणा. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ राहते आणि त्या वाफेचाच स्फोट होतो. हे काम टाकी आतून पूर्ण धुऊन वायूमुक्त करणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्या.

गंजासाठी पांढरं व्हिनेगर पुरे, एक-दोन दिवस भरून ठेवा, मूठभर नट टाकून हलवा, नट मोजून टाका म्हणजे मोजून काढता येतील. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच पूर्ण वाळवा, ओली राहिली तर तासाभरात लाल होते. वाळली की थोडं तेल आत फिरवून ठेवा. पेट्रोल कॉकची जाळी साफ करा आणि लाइनमध्ये नवा फिल्टर घाला, नाहीतर साफ केलेला कार्ब परत भरतो. पहिल्यांदा चालू करताना टाकी लावूच नका, उंच टांगलेल्या छोट्या बाटलीतून ताजं पेट्रोल द्या. चालू झाली की रेस वाढवू नका, टॅपेट कव्हर उघडं ठेवून वर ऑइल पोचतंय का बघा, मिनिटभरात आलं नाही तर बंद करा.

मागचं चाक जड आहे ते ब्रेकमुळे असेल. ड्रम उघडा, लायनिंग शूपासून सुटलेलं असू शकतं, ते फिरत्या चाकात अडकलं तर चाक जागेवर जाम होतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१५ म्हणजे २०१५ सालचा २३वा आठवडा. तुमचे किती जुने आहेत ते बघा, नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतके जुने टायर आणि ट्यूब बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. क्लच प्लेटाही चिकटलेल्या असतील, पहिला गिअर टाकताना ब्रेक दाबून ठेवा.