अहवालावर विश्वास कधी बसेल?

पर्यावरणाच्या कामांच्या अहवालांबद्दल 'अहवाल लिहिणारेच काम करणारे, मग विश्वास कसा ठेवायचा?' असा प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्त आहे. पण त्यावर अहवालच नकोत, हे उत्तर मला पटत नाही.

वृक्षलागवडीचंच घ्या. किती रोपं लावली हा आकडा छापायला सोपा (आणि फोटोही छान येतात). खरा प्रश्न तीन वर्षांनी किती जगली हा. त्यासाठी मोजणीचे नमुना म्हणून जमिनीचे तुकडे लागवडीआधीच, चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवेत. नंतर निवडले की हिरवेगार तेवढेच दाखवले जातात. शेजारची लागवड न केलेली जमीनही मोजावी, नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय प्रकल्प खाऊन जातो. मेलेल्या रोपांचा आकडा छापणाऱ्या अहवालावर माझा तरी जास्त भरवसा बसतो.

देशांच्या पातळीवर पॅरिस हवामान कराराचं कलम 13 आहेच: देशांनी आपल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचा हिशेब उघडपणे द्यावा, असं ते सांगतं. त्याखालचे पहिले द्विवार्षिक पारदर्शकता अहवाल 2024 अखेर द्यायचे होते. तज्ज्ञ ते तपासतात, पण मुळात आकडे देशांचेच. म्हणून ब्रिटन आणि स्वित्झर्लंडची पद्धत मला आवडते: कागदावरचं उत्सर्जन ते हवेतल्या प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून बघतात. दोन्ही जुळले नाहीत, तर कुठे शोधायचं ते तरी कळतं.