टाटा ४०७ : हेड गॅस्केट हंगामाआधीच बदलून घ्यावं का? (बजेट १८ हजार)

देवगड_पेटीवाला
नमस्कार मंडळी. माझी ४०७ आहे, २००९ चं मॉडेल, टर्बोवालं ४९७ इंजिन. साडेतीन लाखांच्या पुढे चालली, हेड (इंजिनचा वरचा भाग, खालच्या ब्लॉकवर बसतो तो) अजून एकदाही उतरलेलं नाही. गाडी ओढते चांगली, धूर नाही, ऑइल स्वच्छ. पण दिवाळीपासून हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावर, मागच्या कोपऱ्यात पांढरट-हिरवट खपली धरते. खरवडून काढली तरी पुन्हा येते. आठवड्याला तांब्याभर पाणी लागतं.
मार्चपासून आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला जायचंय. गाडी पहाटे मार्केटला लागली नाही तर भाव जातो, आणि बागायतदार पुढच्या खेपेला दुसऱ्याची गाडी बोलावतो. म्हणून गॅस्केट (हेड-ब्लॉकच्या सांध्यात पाणी, ऑइल, गॅस अडवणारी पट्टी) फुटायच्या आधी, फेब्रुवारीतच बदलावं असं मनात आहे. १८ हजारांच्या वर जमणार नाही. काय काय करून घ्यावं?

कराड_लाइन
दादा, हेड उतरवताय तर अर्धवट काम करू नका. फुल इंजिन करून टाका. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, पंप-नोजल, सगळं एकदम. मी माझ्या टाटा ११०९ ट्रकचं केलं, लाखाच्या वर गेले, पण आज कुंभार्ली घाट भरल्या गाडीने तिसऱ्यावर चढतो. वरचं नवीन आणि खालचं जुनं केलंत की कॉम्प्रेशन वाढतं आणि खालून धूर सुरू होतो.

मालवणचो_झिल
गाडी बरी चलता मगे हात कित्याक लावतस? माझ्या काकाच्या गाडयेक असोच डाग होतो, वर्सानुवर्सां तशीच चलली. मिस्त्रीन एकदा हेड खोललो की त्या गाडयेचा मागे काय ना काय लागताच. पाण्याचो कॅन ठेव आणि जा.

फिटर_सातपूर
साडेतीन लाख झाले म्हणून गॅस्केट बदला, असं वेळापत्रक नसतं. बहुतेक वेळा गॅस्केट जातं ते गाडी गरम झाल्यामुळे. म्हणजे आधी कूलिंग बघा: रेडिएटर आतून भरलाय का, वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी येतं का, फॅन बेल्ट, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप), रेडिएटरची टोपी. टोपी दाब धरते म्हणून पाणी १०० अंशांच्या वर गेल्यावर उकळतं. टोपी मेली की घाटात पाणी फेकलं जातं आणि लोक गॅस्केटला दोष देतात.
मग तपासणी. इंजिन थंड असताना रेडिएटरवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावा, टोपीवर लिहिलाय तेवढाच दाब द्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरला असेल तर कुठे ओल आहे ते शोधा. दुसरं, थंड इंजिन चालू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा कडक होतो का? रेडिएटरमध्ये बुडबुडे सतत येतात का? तसं असेल तर सिलिंडरचा गॅस पाण्यात जातोय, आणि मग थांबायचं नाही. नुसतं बाहेर झिरपत असेल तर वेळ असतो.

पंढरपूर_रोड
एवढं कशाला? हेडचे बोल्ट एक-एक चावी आवळून घ्या. आमच्याकडे सगळे हेच करतात. खर्च शून्य.

फिटर_सातपूर
कृपया हे करू नका. दबून बसलेलं जुनं गॅस्केट आवळल्याने पुन्हा फुगत नाही. अंदाजाने आवळताना बोल्ट ताणतो, नाहीतर ब्लॉकमधले आटे जातात. काही गॅस्केटला बसवल्यानंतर गाडी गरम करून, थंड करून पुन्हा टॉर्क द्यावा (म्हणजे ठरलेल्या आकड्याइतकं आवळावं) लागतो, पण ते नवीन कामाचं आहे, साडेतीन लाखांनंतरचं नाही.

पंढरपूर_रोड
आमच्या मिस्त्रीचा हात म्हणजेच टॉर्क पाना आहे. त्याने आवळलेल्या गाड्या अजून चालतात.

बारामती_दूधगाडी
४०७ विका आणि बोलेरो पिकअप घ्या. मी घेतली. ॲव्हरेज चांगलं, गावातल्या बोळात वळते. जुन्या गाडीला आता दरवर्षी पासिंग, त्यात हा खर्च.

कराड_लाइन
पिकअपमध्ये ४०७ एवढ्या पेट्या बसतात का? ४०७ १९८६ पासून रस्त्यावर आहे ती उगाच नाही. आणि नव्या गाडीचे हप्ते कोण भरणार?

बारामती_दूधगाडी
पेट्या कमी बसतील, पण रस्त्यात बसून राहायची वेळ येणार नाही. तसंही ४०७ चं इंजिन एवढ्या वजनाला लहानच आहे.

फिटर_सातपूर
४९७ म्हणजे ४ सिलिंडर, ९७ मिमी बोअर. २९५६ सीसी. या टनेजला लहान नाही. पण धागा गॅस्केटचा आहे.

नारायणगाव_मालकीण
दादा, माझं ऐका, गॅस्केट स्वतः जाऊन घ्या, बिलासकट. आमच्या टोमॅटोच्या गाडीला मिस्त्रीने 'ओरिजिनल' म्हणून आणलेलं टाकलं. डबा सेम, होलोग्रामसुद्धा होता. ऐन हंगामात पाणी ऑइलमध्ये उतरलं, डिपस्टिकला दुधाच्या चहासारखं लागलं. माल दुसऱ्या गाडीत भरायचं भाडं, मजुरी, पुन्हा सगळं उघडणं. दुकानदार म्हणाला मिस्त्रीने नीट बसवलं नाही, मिस्त्री म्हणाला माल खराब. पैसे आमचेच गेले.
आणि लेथवाल्याकडे तुम्ही स्वतः उभे राहा. सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून हेड वाकलंय का ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा. आमच्याकडे न मोजताच फेसिंग मारून (हेडचा तळ घासून सपाट करून) दिलं होतं.

पुणे_डिझेल
फेसिंगबद्दल जोडतो. गरज नसताना मारू नका. हेड जितकं घासाल तितके व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात. हेड बिडाचं असेल आणि गाडी कधी उकळली नसेल तर बहुधा सरळच निघेल. बऱ्याच डिझेल इंजिनांना गॅस्केट वेगवेगळ्या जाडीचं येतं, कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. जुन्यावर जेवढ्या असतील तेवढ्याच नव्यावर बघून घ्या.

मालवणचो_झिल
म्हणान सांगतय, खोलू नको.

विदर्भ_ट्रक
भाऊ, आमच्या अकोल्याच्या उन्हात थर्मोस्टॅट ठेवतच नाही कोणी. काढून फेका, गाडी गरमच होणार नाही.

फिटर_सातपूर
थर्मोस्टॅट काढला की थंडीत इंजिन तापमानाला येत नाही, डिझेल जास्त पितं, सिलिंडर झिजतात. काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतं आणि गाडी उलट जास्त तापते. नवा बसवा, उकळत्या पाण्यात टाकून उघडतो का ते आधी बघा.

विदर्भ_ट्रक
आमच्या गाड्या तर बिनाथर्मोस्टॅटच्याच चालतात भाऊ, एकही गरम नाही झाली.

देवगड_पेटीवाला
सगळ्यांचे आभार. फिटरदादांनी सांगितली तशी तपासणी करून घेतली. होज कडक होत नाही, बुडबुडे नाहीत. पण रात्रभर दाब ठेवला तर काटा उतरला आणि त्याच मागच्या कोपऱ्यात ओल सापडली. रेडिएटर टोपीही ढिली निघाली, ती बदलली. लाखाचं फुल इंजिन मला परवडणार नाही, गाडी विकायची नाही. बजेट १८ हजारच आहे.

फिटर_सातपूर
म्हणजे फक्त बाहेर झिरपतंय. माझा सल्ला: टोपी नवी झालीच आहे, रेडिएटर सफाई करा, नळाचं पाणी न घालता कूलंट भरा, हा हंगाम काढा आणि जूनमध्ये गाडी रिकामी असताना हेड उतरवा. घाईत केलेलं काम हंगामात नडतं.

नारायणगाव_मालकीण
मलाही जूनच योग्य वाटतो. हंगामाच्या तोंडावर मिस्त्री सगळ्यांच्याच गाड्या घेऊन बसलेले असतात.

कराड_लाइन
जूनमध्ये करा, पण फुल इंजिन करा.

देवगड_पेटीवाला
मंडळी, विचार केला आणि मी आत्ताच उतरवतोय. जून म्हणणाऱ्यांचं पटतं, पण माझा हिशेब गॅस्केटचा नाही. एप्रिलच्या उन्हात भरली गाडी कशेडीच्या आसपास बंद पडली तर पेट्यांमधला आंबा ताडपत्रीखाली तापतो, वाशीला पोचेपर्यंत निम्म्याचा रंग गेलेला असतो. तो माल माझा नाही, बागायतदाराचा आहे. वर्षभर त्याने झाडं राखलेली असतात. जो कोपरा ओला होतोय हे मला आज माहीत आहे, तो घेऊन मी त्याच्या दारात गाडी लावू शकत नाही.
काम एवढंच: गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, थर्मोस्टॅट, होज, कूलंट. हेड मोजून घेणार, वाकलेलं निघालं तरच फेसिंग. खालचं इंजिन उघडणार नाही. सेट कणकवलीहून मी स्वतः आणला, बिल घेतलंय. रिंगा-पिस्टनचं पुढच्या वर्षी बघू. टॉर्क पाना असलेला मिस्त्री मिळाला, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी त्याच्याकडे लावतोय. त्यानंतर मार्चपर्यंत चिरे-वाळूची जवळची भाडी मारून गाडी तपासायला वेळ राहील.

कराड_लाइन
दोनदा मजुरी जाईल. तरी तुमची गाडी, तुमचा निर्णय.

फिटर_सातपूर
ठरलंच असेल तर नीट करा. ब्लॉकच्या बोल्टभोकांत पाणी किंवा ऑइल राहू देऊ नका, दाबलेल्या द्रवाने ब्लॉकला चीर जाते. जुना सांधा खरवडताना ग्राइंडर लावू देऊ नका. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, आकडा मॅन्युअलमधला. नोजलखालचे तांब्याचे वायसर नवे टाका. आणि गॅस्केटच्या डब्यात कागद असेल तो वाचा, पुन्हा टॉर्क द्यायचा की नाही ते त्यावर लिहिलेलं असतं. द्यायचा असेल तर त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा तपासून घ्या.