मराठी ग्रंथ कपाटात आहेत, पण ओपॅकवर (ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत) सापडत नाहीत : कोहामध्ये नोंदी नेण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित कला व वाणिज्य महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. आमचा संग्रह सुमारे चाळीस हजार ग्रंथांचा असून त्यातील निम्म्याहून अधिक ग्रंथ मराठी आहेत. मी येथे रुजू होण्याआधी ग्रंथालयासाठी एका स्थानिक विक्रेत्याकडून आज्ञावली (सॉफ्टवेअर) विकत घेण्यात आली होती आणि देवघेव, दाखल नोंदवही, थकबाकीच्या याद्या ही रोजची कामे तिच्यावर बरी चालली. मराठी नोंदी मात्र युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच ठरलेला सांकेतांक देणाऱ्या पद्धतीत) न करता जुन्या फॉन्टमध्ये केल्या गेल्या. विक्रेत्याने व्यवसाय बंद केल्यावर देखभालीचा प्रश्न उभा राहिला आणि आज माझ्या हातात त्या सगळ्या नोंदींची एक एक्सेल फाइल आहे. ती योग्य फॉन्ट असलेल्या संगणकावर उघडली तर मराठी दिसते, अन्यत्र केवळ रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

नवी आज्ञावली म्हणून आम्ही कोहा निवडली. इन्फ्लिबनेट या केंद्राच्या सोल ३.० या ग्रंथालयीन आज्ञावलीचाही विचार केला होता आणि शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयात ती व्यवस्थित चालत असल्याचे मी पाहिले आहे. परंतु मी कोहाचे प्रशिक्षण घेतलेले होते. शिवाय न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ही मुक्तस्रोत आज्ञावली कोणा एका विक्रेत्यावर अवलंबून नाही, ही गोष्ट आमच्या अनुभवानंतर मला फार महत्त्वाची वाटली. इंग्रजी ग्रंथांच्या नोंदी मार्क २१ या प्रमाणित नोंद-आराखड्यात गेल्या, बारकोड लागले, देवघेव सुरू झाली. अडले आहे ते मराठी संग्रहापाशी. सुमारे दोन हजार मराठी नोंदी आम्ही हाताने युनिकोडमध्ये टंकित केल्या, पण त्यातल्याही अनेक शोधल्यावर मिळत नाहीत.

मागच्या आठवड्यातील प्रसंग सांगते. एम. ए. मराठीची एक विद्यार्थिनी काउंटरवर आली आणि तिने मोबाइलवर ओपॅक उघडून ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द टाकला. उत्तर आले, एकही नोंद नाही. आमचे ग्रंथालय परिचर बाजूलाच होते. त्यांनी शब्द ऐकला, आत गेले आणि दोन मिनिटांत त्याच शीर्षकाचा ग्रंथ घेऊन आले. मी नोंद उघडून पाहिली तर शीर्षक अक्षरशः तेच होते, डोळ्यांना एका कान्याचाही फरक दिसत नव्हता. हे परिचर येत्या मे महिन्यात निवृत्त होत आहेत. गेली तीस वर्षे आमच्या मराठी विभागाची खरी तालिका त्यांच्या डोक्यात आहे, आणि ते गेल्यावर कपाटातले ग्रंथ वाचकांपर्यंत कसे पोहोचतील, या विचाराने मी अस्वस्थ आहे.

मला तीन गोष्टींत मार्गदर्शन हवे आहे. जुन्या फॉन्टमधील वीस हजारांवर नोंदी पुन्हा टंकित न करता युनिकोडमध्ये आणण्याचा विश्वासार्ह मार्ग कोणता? सारख्याच दिसणाऱ्या शब्दांचा शोध का फसतो आणि त्यावर कोहामध्ये उपाय काय? तिसरा प्रश्न ई-साधनांचा आहे. महाविद्यालयांना ई-नियतकालिके पुरवणाऱ्या एन-लिस्ट या योजनेचे आम्ही सदस्य आहोत आणि विद्यार्थ्यांची खाती दरवर्षी काढतो. तेथील सहा हजारांहून अधिक नियतकालिके अर्थशास्त्र आणि वाणिज्याच्या प्राध्यापकांना उपयोगी पडतात, परंतु मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना त्यात हाताशी लागेल असे थोडे असते. मराठी विश्वकोश, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची विनामूल्य ई-पुस्तके आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील मराठी प्रबंध त्यांना आमच्याच ओपॅकवर, छापील ग्रंथांच्या शेजारी दिसावेत, अशी माझी इच्छा आहे. कोणी असे केले आहे का?

प्रतिसाद : वाचनखूण

मॅडम, पहिल्या प्रश्नापुरते माझ्या अनुभवातून लिहितो, कारण आमच्याकडे हेच काम दोन वर्षांपूर्वी झाले.

संपूर्ण फाइल परिवर्तकात (जुन्या फॉन्टचे युनिकोड करणाऱ्या आज्ञावलीत) टाकण्याची घाई कृपया करू नका. त्या फाइलमध्ये इंग्रजी ग्रंथ, आयएसबीएन आणि मराठी शीर्षके एकत्र असतील, तर परिवर्तक इंग्रजीलाही जुना फॉन्ट समजून त्याचे देवनागरी करून टाकतो. आधी भाषेनुसार फाइल वेगळी करा आणि फक्त मराठी स्तंभ परिवर्तित करा. दाखल क्रमांकाचा स्तंभ प्रत्येक तुकड्यात ठेवा, कारण शेवटी सगळे त्याच दोऱ्यात ओवायचे आहे. एक्सेल हा स्तंभ संख्या समजून सुरुवातीची शून्ये गाळते आणि मग पुस्तकावरचा बारकोड नोंदीशी जुळत नाही, म्हणून तो मजकूर म्हणूनच उघडा.

जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, तर युनिकोडमध्ये क्रम उच्चाराप्रमाणे असतो. कच्च्या परिवर्तकातून ‘किल्ला’ बाहेर पडतो तेव्हा वेलांटी सुटून शब्दाच्या तोंडाशी लटकलेली असते. म्हणून दोनशे नोंदींचा नमुना घ्या आणि त्यात वेलांटी, रफार व जोडाक्षरे असलेली शीर्षके मुद्दाम निवडा. हा नमुना निर्दोष आला की मगच पुढे जा.

मार्कएडिट या मार्क नोंदी हाताळणाऱ्या आज्ञावलीत फाइल मार्कमध्ये बदलताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याचा प्रकार) निवडा आणि लीडरच्या (नोंदीच्या सुरुवातीच्या ठरावीक भागाच्या) ०९ या स्थानी इंग्रजी लहान ‘ए’ आहे याची खात्री करा. ते स्थान रिकामे राहिले, तर नोंद युनिकोडमध्ये नाही असे समजले जाते आणि आयात करतानाच देवनागरी बिघडते.

प्रतिसाद : निर्देशांक

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या उदाहरणातच आहे. ‘शेतकऱ्यांचे’ मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकित होतो. एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते, तर दुसऱ्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न शब्द आहेत. आपल्या नोंदी संगणकाच्या कळफलकावर झाल्या आणि विद्यार्थिनीने मोबाइलवर टंकले, एवढ्यानेही ही तफावत पडू शकते. ‘ॲ’ चेही तसेच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या, आणि नंतरच्याही, कित्येक नोंदींत ते अ आणि चंद्र असे दोन भागांत लिहिलेले सापडेल.

कोहामध्ये आपण झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल, तर अनुक्रमणीसाठी (शोधसूची तयार करण्यासाठी) सीएचआर ऐवजी आयसीयू ही अक्षरे हाताळण्याची पद्धत निवडणे ही पहिली पायरी आहे. त्यानंतर शब्दांच्या आयसीयू साखळीत (क्रमाने लागू होणाऱ्या नियमांच्या यादीत) दोन रूपांतर नियम द्या. एक नियम जॉइनरचा ‘ऱ्’ बदलून स्वतंत्र अक्षराचा ‘ऱ्’ करेल आणि दुसरा फुटलेल्या ‘अॅ’ चा ‘ॲ’ करेल. उरलेले जॉइनर काढून टाकण्याचा नियम या दोहोंनंतरच लिहा, कारण तो आधी आला तर ‘ऱ्या’ चा ‘र्या’ होऊन बसतो. साखळीतील नियंत्रण चिन्हे काढणाऱ्या ओळीने हा जॉइनर निघत नाही. तो स्वरूपण चिन्हांच्या वर्गात मोडतो, त्यामुळे त्याचा उल्लेख वेगळा करावा लागतो.

आणखी एक ओळ मुद्दाम तपासा. युरोपीय भाषांतील अक्षरांवरची चिन्हे काढण्यासाठी साखळीत कधी कधी जागा न व्यापणारी चिन्हे वगळण्याचा नियम लिहिलेला असतो. देवनागरीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हे सगळे त्याच वर्गात येतात. मग ‘पुणे’ शोधल्यावर ‘पण’ असलेली प्रत्येक नोंद समोर येते. तो नियम असेल तर काढा. झेब्रा हीच साखळी नोंदींना आणि शोधशब्दाला, दोहोंना लावते, म्हणून नोंदी एकेक करून दुरुस्त करण्याची गरज नाही. बदल केल्यावर संपूर्ण अनुक्रमणी मात्र नव्याने करावी लागेल, आणि ती रात्री करणे बरे.

प्रतिसाद : वाचनखूण

ई-साधनांसाठी मार्कचे ८५६ हे क्षेत्र वापरा. छापील ग्रंथ आपल्याकडे असेल, तर त्याच नोंदीत दुवा जोडणे मला योग्य वाटते; प्रबंधासारखे केवळ ऑनलाइन असलेले साहित्य वेगळ्या नोंदीत ठेवा आणि त्याला वेगळा साहित्यप्रकार द्या. शोधगंगेवरील प्रत्येक प्रबंधाला १०६०३ ने सुरू होणारा कायमचा हँडल असतो. ब्राउझरच्या पट्टीतील लांबलचक पत्ता न देता हा हँडल द्यावा, म्हणजे संकेतस्थळाची रचना बदलली तरी दुवा तुटत नाही. अन्य दुवे वर्षातून एकदा तरी तपासावे लागतात. त्यासाठी कोहामध्ये स्क्रिप्ट उपलब्ध आहे. सारे काही जोडण्याच्या मागे मात्र लागू नका. अभ्यासक्रमातील विषयांपुरते शे-दीडशे दुवे नीट सांभाळले, तरी मुले त्यांचा वापर करतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मधल्या दहा दिवसांत चाचणीच्या संगणकावर दोनशे नोंदींचा नमुना नेऊन पाहिला. पहिल्या परिवर्तनात वेलांटी सुटलेली अठ्ठावीस शीर्षके निघाली. दुसरा परिवर्तक वापरल्यावर ती तीनवर आली आणि तिन्हींत ‘र्थि’ सारखी अवघड जोडणी होती. आयसीयूचे नियम आमच्या संगणक विभागातील सहकाऱ्यांनी साखळीत घातले. त्यानंतर मी आधी मोबाइलवरून आणि मग संगणकावरून ‘शेतकऱ्यांचे’ टंकले, आणि दोन्ही वेळा ग्रंथ समोर आला. त्या विद्यार्थिनीला मी बोलावून दाखवले.

एक अडचण उरली आहे. आमच्याकडे १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे पुष्कळ ग्रंथ आहेत आणि त्यांच्या शीर्षकांत ‘कांहीं’, ‘नांव’ असे अनुस्वार आहेत. आजचा विद्यार्थी ‘काही’ आणि ‘नाव’ असेच टंकणार. शीर्षकपृष्ठावरील लेखन बदलणे मला पटत नाही.

प्रतिसाद : निर्देशांक

ते बदलूही नये. मार्कच्या २४५ या शीर्षकाच्या क्षेत्रात शीर्षकपृष्ठावर आहे तसेच लिहा आणि आजच्या लेखनातील रूप २४६ या पर्यायी शीर्षकाच्या क्षेत्रात द्या. शोध दोन्हींवर चालतो आणि मूळ लेखन सुरक्षित राहते. हे काम साखळीच्या नियमाने करू नका. अनुस्वार सरसकट गाळला तर ‘अंत’ आणि ‘अत’ मध्ये फरक उरणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

२४६ चा उपाय पटला आणि कालपासून सुरूही केला आहे. ८९१.४६ या मराठी साहित्याच्या वर्गांकाचे पहिले कपाट घेतले. परिचर एकेक ग्रंथ काढून शीर्षक मोठ्याने वाचतात आणि मी नोंद पाहते. हे करताना लक्षात आले की अनेक ग्रंथ विद्यार्थी शीर्षकाने मागतच नाहीत. कोणी ते संपादकाच्या नावाने मागतो, कोणी ‘निबंधांचे ते लाल पुस्तक’ म्हणतो, तर काही जुन्या ग्रंथांना त्यांच्या लांबलचक शीर्षकातील एका शब्दानेच सगळे ओळखतात. परिचरांना ही सारी नावे ठाऊक आहेत आणि मी ती सध्या वहीत उतरवून घेत आहे. वाचकांच्या तोंडी असलेले असे संक्षिप्त नाव २४६ मध्ये देणे नियमाला धरून होईल, की त्यासाठी स्थानिक टिपेचे वेगळे क्षेत्र ठेवावे? मे महिन्यापर्यंत मराठीची अकराही कपाटे पूर्ण करायची आहेत, म्हणून हे आताच ठरवू इच्छिते.