तीन वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क हवा की नको?

दांडियाबाजारकर
जुलै २०२४ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने एक कार्यगट नेमला. १९८९ च्या बालहक्क संहितेला जोडकरार करायचा, पूर्वप्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण मोफत मिळण्याचा. मूळ संहितेच्या कलम २८ मध्ये मोफत आणि सक्तीचं आहे ते फक्त प्राथमिक. आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदाही सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. माझं मत, भारताने या कराराच्या मागे ठाम उभं राहावं. आमच्या वाड्यात धुणंभांडी करणाऱ्या ताईंची साडेतीन वर्षांची मुलगी रोज मोरीच्या उंबऱ्यावर बसलेली असते, हातात साबणाचं रिकामं खोकं. समोरच्या घरातली तेवढीच मुलगी रिक्षाने नर्सरीत जाते. पहिलीच्या वर्गात दोघी शेजारी बसतील तेव्हा काय होईल, ते मास्तरांना विचारा.

निवृत्त बालवाडीताई
दादा, मुलीसाठीची तुमची कळकळ पोचली. पण मला भीती वाटते. मी चोवीस वर्षं बालवाडी घेतली. 'शिक्षण' शब्द कायद्यात आला की साहेब विचारतात, मूल काय शिकलं ते दाखवा. मग वही येते, पेन्सिल येते. तीन वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिलीवर इतकी घट्ट आवळलेली पाहिली आहेत मी, की नखं पांढरी पडलेली. ताराबाई मोडकांनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांच्या अंगणातच मुलं जमवली. त्यांना कोणत्या कराराची गरज पडली नाही. आणि करार करायचाच तर त्याच संहितेचं कलम ३१ आधी पाळा, खेळण्याच्या हक्काचं. तिकडे कुणी बघत नाही.

रावपुऱ्याची लेक
ताई, ताराबाई एकच होत्या. आपल्या बडोद्याचाच दाखला घ्या ना! सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. चांगल्या माणसांची वाट बघत बसले असते तर आपल्या पणज्या शाळेत गेल्या असत्या का?

निवृत्त बालवाडीताई
सक्तीबरोबर दंडही होता, बाई. मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला भरावा लागायचा. आणि तो कुणाला जड जायचा, हे सांगायला नको. आजच्या अंगणवाडीत या. तेडागर बेन, म्हणजे मदतनीस, घरोघर फिरून मुलं गोळा करते, कार्यकर बेन, म्हणजे सेविका, गाणं धरते, आणि दुसऱ्या कडव्याला ते सोडून वजनं मोबाईलवर भरायला बसते. १९७५ पासून आहार, लसीकरण, तपासणी आणि शिकवणं, सगळं त्याच दोन बायांवर. आधी तिथे तिसरी बाई द्या, जी फक्त मुलांजवळ बसेल.

दांडियाबाजारकर
ताई, सक्ती नको, मान्य. करार मोफत शिक्षणाचा आहे, दंडाचा नव्हे. तिसऱ्या बाईचं मात्र तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदाला मूलभूत हक्क दिला आणि सहाच्या आतल्यांना कलम ४५ मध्ये ठेवलं, मार्गदर्शक तत्त्वांत. तिथे कोर्टात दाद मागता येत नाही. तुमची तिसरी बाई नाही नेमली, तर त्या मुलीच्या आईने कुणाच्या दारात जायचं?