वानुआतूच्या बायकांसाठी मंडळाचा निधी: कपडे पाठवायचे की पैसे, आणि द्यायचे कुणाकडे?

सफरचंदाच्या_गावातून

नमस्कार मंडळी. मी न्यूझीलंडमधे हॉक्स बे भागात राहते, हेस्टिंग्जजवळ. इथल्या सफरचंदाच्या बागांत दर हंगामाला वानुआतूहून, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या एका बेटांच्या देशातून, खूप लोक कामाला येतात, आरएसई नावाची सरकारी स्कीम आहे २००७ पासून, त्यात बहुतेक पुरुषच असतात, सहासात महिने काम करून परत जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत इथे गॅब्रिएल चक्रीवादळ आलं तेव्हा यातलीच काही पोरं पुरात घराच्या छपरावर अडकून बसली होती. ते निस्तरतंय न निस्तरतंय तोच मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिकडे त्यांच्या घरी ज्यूडी आणि केविन अशी दोन वादळं दोनतीन दिवसांच्या अंतराने आली. म्हणजे कमावता माणूस इथे चिखल उपसतोय आणि तिकडे बायको लेकरांना घेऊन एकटी. मळा तिचाच, घर तिलाच बांधायचं, सासूसासरे तिच्याच गळ्यात. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

तर यंदा आमच्या मंडळाने ठरवलंय की गणपतीत जमलेल्या वर्गणीतला काही भाग वानुआतूच्या बायकांसाठी द्यायचा, पुढच्या वादळाच्या तयारीसाठी. इथपर्यंत सगळे एकमताने हो म्हणाले. पुढे गाडी अडलीय. अर्ध्या लोकांचं म्हणणं कपडे, ब्लँकेटं, भांडी गोळा करून कंटेनर पाठवू, निदान वस्तू पोचल्या हे तरी कळेल, पैसे मधल्या मधे कुठे जातील देव जाणे. मला मनातून पैसेच द्यावेत असं वाटतं पण पटवून सांगता येत नाहीये. आणि पैसे दिले तरी ते बायकांपर्यंत कसे जातात, मोठ्या संस्थेच्या ऑफिसभाड्यातच संपतात का? कुणी तिकडे राहिलंय, काम केलंय, तर प्लीज सविस्तर लिहा.

सुवाकर

ताई, मी शिपिंगमधे आहे, फिजीच्या राजधानीत, सुवात बरीच वर्षं काढली आणि वानुआतूच्या राजधानीला, पोर्ट विलालाही कामानिमित्त जाणं असायचं, म्हणून कंटेनरबद्दल आधी सांगतो. कृपा करून कपड्यांचा कंटेनर पाठवू नका.

२०१५ च्या मार्चमधे वानुआतूला पाम वादळाने झोडपलं, कॅटेगरी ५. त्यानंतर जगभरातून न मागितलेल्या वस्तूंचे कंटेनर पोर्ट विलाच्या धक्क्यावर येऊन पडले, कित्येक महिने सोडवायलाच कुणी आलं नाही, आतलं अन्न एक्स्पायर झालं आणि धक्क्याचं भाडं मात्र चढत राहिलं. पुढच्याच वर्षी २० फेब्रुवारीला फिजीत विन्स्टन, परत तेच. ऑस्ट्रेलियन रेड क्रॉसने नंतर यावर अख्खा रिपोर्ट काढला, त्यात फिजीला आलेल्या सामानात लोकरीचे कपडे, गालिचे, खेळाचं साहित्य असं काय काय होतं ते दिलंय. लोकरीचे कपडे, फिजीत! देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता हो, पण धक्का छोटा, क्रेन मोजक्या, गोडाऊन त्याहून कमी, आणि त्याच जागेतून पाण्याच्या टाक्या, ताडपत्री, औषधं बाहेर काढायची असतात. एक नको असलेला कंटेनर म्हणजे एक हवा असलेला कंटेनर मागे राहतो. शिवाय फुकट कपडे आले की गावातल्या दुकानदाराचा धंदा बसतो, आणि त्याला तर वादळातून आत्ताच उठून उभं राहायचं असतं.

याला एक अपवाद आहे. तुमच्याकडे येणारे कामगार स्वतःच वर्गणी काढून आपल्या गावासाठी कंटेनर भरतात, त्यात पत्रे, खिळे, हत्यारं, ताडपत्री असं घरच्यांनी फोनवर मागवलेलंच सामान असतं आणि तिकडे सोडवून घ्यायला नावानिशी माणूस उभा असतो. अशा कंटेनरला भाड्यात हातभार लावलात तर चांगलंच आहे. पण काय भरायचं ते त्यांनी ठरवायचं, आपण नाही.

आता पैशाबद्दल. पोचतो का, तर पोचतो. एप्रिल २०२० मधे हॅरोल्ड वादळ आलं, सांतो, मालो, पेंटेकोस्ट या बेटांना जबर फटका. तेव्हा कोव्हिडमुळे वानुआतूने सीमा बंद केलेल्या, बाहेरचे मदतवाले आत येऊच शकत नव्हते आणि सामानही क्वारंटाइन होऊन मग सुटायचं. तरी काम झालं, स्थानिक लोकांनीच केलं. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने त्याच सुमारास तिथे कार्डावर पैसे देण्याची पद्धत वाढवली, आदल्या वर्षी ट्रायल घेतलेली होती. घराला एक कार्ड, गावातल्या ठरलेल्या दुकानात ते दुकानदाराच्या फोनला टेकवायचं आणि हवं ते घ्यायचं. कुणाला तांदूळ, कुणाला साबण, कुणाला पोराची वही. प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते, त्यामुळे तुमच्या मंडळातल्या लोकांना जो हिशोब हवाय तो उलट वस्तूंपेक्षा इथेच जास्त चोख मिळतो. आणि पैसा गावातल्याच दुकानात फिरतो.

आणखी एक, हे मंडळात जरूर सांगा कारण यात आपला भारत आहे. फिजीतलं राकिराकीचं मार्केट विन्स्टनने मोडलं होतं. फिजीच्या बाजारांत विकायला बसणाऱ्यांत बहुसंख्य बायका असतात, इ-तौकेई म्हणजे मूळ फिजीयन बायका आणि गिरमिटियांच्या, म्हणजे भारतातून करारावर नेलेल्या मजुरांच्या वंशजांच्या घरच्या, दोन्ही. अळूचे कंद, कसावा, वांगी, भेंडी, मिरची घेऊन लांबच्या खेड्यातून यायचं आणि रात्र झाली की मार्केटातच टेबलाखाली झोपायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. ते मार्केट पुन्हा बांधायला यूएन विमेन या यूएनच्या बायकांसाठीच्या संस्थेमार्फत पैसा आला, त्यात भारत आणि यूएनचा मिळून जो विकास निधी आहे, २०१७ साली सुरू झालेला, त्याचाही वाटा आहे. इमारत कॅटेगरी ५ वादळात टिकेल अशी डिझाइन केली. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. यूएन विमेनच्याच मार्केट्स फॉर चेंज प्रोग्रॅमने फिजी, सॉलोमन आणि वानुआतूत विक्रेत्यांच्या संघटना उभ्या केल्या, बायकांना हिशोब शिकवला, कमिटीवर बसवलं, काही मार्केटांत बाहेरगावच्या बायकांना रात्री झोपायला कुलूपबंद खोल्या बांधल्या. संडास कुठे हवा, दिवा कुठे हवा हे त्याच सांगतात. सिमेंटचं काम कुणीही करून देईल, पण पालिकेच्या माणसासमोर उभं राहून हे मागणारी संघटना नसेल तर पाच वर्षांत त्या खोल्यांत सामान भरलेलं दिसतं.

दक्षिणवारा

सगळं वाचलं, पण मला एक बोच आहे. ज्या देशांनी कार्बन ओकला तेच नंतर मदत म्हणून थोडं परत देतात, आणि त्यातलाही बराच भाग त्यांच्याच कन्सल्टंटांच्या पगारात जातो. ग्रीन क्लायमेट फंडाचं, म्हणजे हवामानबदलासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीचं बघा, ज्या संस्थांना त्यांची मान्यता आहे त्यांच्यामार्फतच पैसा मिळतो, आणि ती मान्यता मिळवायला जे ऑडिट, जी कागदपत्रं लागतात ती तान्ना बेटावरच्या दहा बायकांच्या गटाने कुठून आणायची? मग पैसा यूएनकडून, कुठल्यातरी प्रादेशिक संस्थेकडून, मोठ्या एनजीओकडून असा झिरपत झिरपत खाली येतो. लॉस अँड डॅमेजचा, म्हणजे हवामानबदलाने झालेल्या नुकसानीसाठीचा फंड २०२२ ला शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत मान्य झाला, पुढच्या वर्षी दुबईच्या परिषदेत सुरू झाला, पण लागणाऱ्या पैशाच्या मानाने त्यात जमलेला पैसा अगदीच तुटपुंजा. वर २०२५ मधे अमेरिकेने यूएसएड ही परदेशी मदत देणारी आपली संस्था बंदच करून टाकली.

वानुआतूची माणसं याचसाठी कोर्टात गेली. पोर्ट विलात साउथ पॅसिफिक युनिव्हर्सिटीचा लॉ कॅम्पस आहे, तिथल्या विद्यार्थ्यांनी २०१९ मधे ही कल्पना काढली, सरकारने उचलून धरली आणि २३ जुलै २०२५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे. मत सल्लावजा आहे, बंधनकारक नाही, तरी केवढं मोठं काम! म्हणून ताई, मंडळाच्या पत्रात 'गरीब बेटवासीयांना मदत' असलं काही लिहू नका एवढीच विनंती. ती माणसं कुणाच्या दयेवर बसलेली नाहीत.

किल्लारीकर

दक्षिणवारा दादांचं पटतंय. मी आमच्याकडचं सांगतो, म्हणजे मंडळाच्या लोकांना लांबचं वाटणार नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी लहान होतो. नंतर ट्रकच्या ट्रक जुने कपडे यायचे. नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आयाबहिणींना कुणाचे कसले ड्रेस पाठवलेले, ते तसेच ढिगानं रस्त्याच्या कडेला पडून भिजायचे. लोकं मनानं वाईट नव्हती, पण विचारलंच नव्हतं ना कुणी, की बायांनो काय पाहिजे.

पुढं वर्ल्ड बँकेचं कर्ज घेऊन सरकारनं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम काढला. जी गावं पूर्ण गेली नव्हती तिथली घरं दुरुस्त करून मजबूत करायची होती, त्यात स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली, प्रेमा गोपालन यांची. त्यांनी सरकारच्या गळी उतरवलं की गाव आणि ऑफिस यांच्यामधी महिला मंडळाच्या बायांना नेमा. संवाद सहायक म्हणायचे त्यांना. सुमारे १२०० गावांत ह्या बाया घरोघर फिरल्या, कुणाचा हप्ता अडकला, इंजिनिअर आला का नाही, दगडी भिंतीला काय करायचं, सगळं समजून घेऊन दुसऱ्याला समजावून सांगायच्या. ज्या बाया चारचौघांत पदर खाली घेत नव्हत्या त्या गवंड्याला म्हणायल्या, कोपऱ्यात बांधणी नीट घाल, मी बघायलेय. आमच्या चुलतीचंच सांगतो, शाळा चौथी, पण तिच्यासमोर ओव्हरसियर खोटं बोलायला घाबरायचा. २००१ ला भूज झालं तेव्हा ह्याच भागातल्या बाया तिकडं गेल्या, तिथल्या बायांना सांगायला की आम्ही असं असं केलं.

पैसा बाहेरचाच होता. आणि अडचणी आल्या नाहीत असंही नाही, लई आल्या. पण हप्ता कुणाच्या हातात अन् सही कुणाची, तिथं बाई असली की काम वेगळं होतं हे मी डोळ्यानं पाहिलंय. तुमच्या त्या वानुआतूतबी अशा बाया असणारच, त्यांना शोधा.

सफरचंदाच्या_गावातून

किल्लारीकर दादा, तुमची पोस्ट मी आमच्या मीटिंगमधे वाचून दाखवणार आहे, चालेल ना? सुवाकर दादा, खूप खूप आभार, कंटेनरवाल्या मंडळींना हेच पाठवते. पण अशा बायका शोधायच्या कशा? गट असतील तर कुणाला माहीत आहेत का?

वेंगुर्ल्याची

वानुआतूचं दुसरं कुणीतरी सांगेल, मी फक्त एवढंच लिहिते की आमच्याकडे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर चालवतात, स्वतः होडी वल्हवतात, पर्यटकांना झाडं नि पक्षी दाखवतात. सुरुवातीला यूएनडीपीच्या, म्हणजे यूएनच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून मदत होती, नंतर गट आपल्या पायावर उभा राहिला. कांदळवन तोडलं तर धंदा बुडेल हे आता कुणी येऊन शिकवावं लागत नाही. निसर्ग नि तौक्ते या वादळांनंतर किनाऱ्यावर कांदळ का हवी हे तर सगळ्यांनाच कळलं. मदत देताना असं काहीतरी बघा ज्यातून त्या बायकांचा रोजचा पैसा सुटेल. नुसती ट्रेनिंगं आणि टोप्या नकोत.

दक्षिणवारा

ताई, गट आहेत. पाम वादळानंतर २०१५ मधे अ‍ॅक्शनएड या संस्थेच्या मदतीने वानुआतूत 'विमेन आय टोक टोक टुगेटा' नावाची बायकांची चळवळ उभी राहिली. तान्ना, एफाते अशा बेटांवर बायका नियमित एकत्र बसतात आणि वादळाआधी काय, वादळानंतर काय, कोण म्हातारं, कोण अपंग, कोण गरोदर, कुणाला कुणी उचलून न्यायचं ते आधीच ठरवून ठेवतात. तिथे गावचे निर्णय नाकामालमधे होतात, म्हणजे प्रमुखांची बैठकीची जागा, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे बायकांना बोलायला मुभा नसते. ५२ जणांच्या संसदेत एखादीच बाई. अशा ठिकाणी बायकांची स्वतःची बैठक, स्वतःची यादी असणं फार मोठं आहे.

त्यांचंच 'विमेन वेटेम वेटा' म्हणून काम आहे, वेटा म्हणजे हवामान. हवामान खात्याचा इशारा आला की या बायका एसएमएस आणि फोनची साखळी लावून पुढे पोचवतात, एकीने पाचजणींना, त्या पाचजणींनी पुढे, साध्या बिस्लामा भाषेत, की अमुक वाजेपर्यंत पाणी भरून ठेवा, कंद काढून पुरून ठेवा, छपरावर वजन टाका. ज्यूडी-केविनच्या वेळी हीच साखळी कामाला आली. बाकीच्या दिवसांत मळ्यासाठी पावसाचा अंदाज कळवतात. मोबाइलचा बॅलन्स, सोलर चार्जर, बैठकीला यायचं बोटभाडं अशा बारक्या खर्चावर हे सगळं चालतं, आणि मोठे देणगीदार नेमका हाच खर्च द्यायला नाक मुरडतात. तुमच्या मंडळाची रक्कम इथे खरी उपयोगी पडेल.

सुवाकर

यात भर. वादळाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे गणपतीनंतर लगेच पैसे गेले तर ते तयारीला लागतील, आणि वादळाआधीच्या पैशात जेवढं होतं तेवढं नंतरच्या पैशात होत नाही. वादळाने मळा गेला की पहिले काही महिने खायचीच ओढाताण, केवडाही झोपतो, म्हणजे चटया नि टोपल्या विणून बाजारात न्यायचा बायकांचा हातखर्चही गेला. आधीच रोपं, बियाणं वर ठेवलेलं असेल, पत्रे दोरीने बांधलेले असतील, टाकी भरलेली असेल तर तेच महिने कमी होतात.

देताना संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा. वानुआतूतल्या कुठल्या गटाला किती रक्कम जाणार, खर्च काय करायचा ते कोण ठरवणार, आणि 'अमुकच कामाला' अशी अट न घालता दिले तर चालेल का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे बघा. आणि पोस्टर, फोटो, बायकांना हातात मंडळाचा बॅनर धरायला लावणं असलं काही मागू नका हो. न्यूझीलंडमधे नोंदणी झालेल्या अ‍ॅप्रूव्ह्ड डोनी, म्हणजे देणगीसाठी सरकारमान्य संस्थेला दिलेत तर वैयक्तिक देणगीवर ३३ टक्के टॅक्स क्रेडिट मिळतं, त्यामुळे लोकांना शक्यतो आपापल्या नावाने पावती घ्यायला सांगा, मिळालेलं क्रेडिट पुढच्या वर्षी परत निधीत टाकता येईल.

सफरचंदाच्या_गावातून

मीटिंग झाली. कंटेनर रद्द, सगळ्यांनी मान्य केलं, किल्लारीकर दादांचं वाचल्यावर आमचे सोलापूरचे एक काका उठून म्हणाले की मीही तेव्हा ट्रकमधून कपडे वाटलेत, हे खरं आहे. पैसेच द्यायचे, गणपती झाल्या झाल्या, तयारीसाठी, आणि बोटभाडं-बॅलन्स असल्या खर्चालाही चालतील असं पत्रात लिहायचं ठरलं. मधल्या काळात इथल्या बागेत काम करणाऱ्या तान्नाच्या एका टीम लीडरशी बोलले, त्याची बायकोच अशा गटात आहे म्हणाला, तिच्याशी या रविवारी फोन लावून देतोय. मला बिस्लामा येत नाही पण तिला इंग्रजी बरंचसं जमतं असं तो म्हणाला. तिला काय काय विचारू ते सुचवा, मी लिहून घेते.